वाचकांचे प्रश्न : सगळ्यात भारी पोस्ट-पंक बँड कुठला?

मागच्या अंकात एकाने विचारलेलं की ब्रिटिश पोस्ट-पंकमधला, म्हणजे पंकच्या लाटेनंतर सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेल्या रॉकमधला, एकच बँड सांगा, आणि मी चार ओळींत गँग ऑफ फोर असं लिहून पुढच्या प्रश्नाकडं गेलो. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणीहून एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळी दुसरा विषयच घेत नाही. रागावलेले पण पुष्कळ आहेत. मला बरं वाटलं, खरंच सांगतो, कारण आपल्या भागात एवढी लोकं हे ऐकतात हे माहीतच नव्हतं, मी आपला इतकी वर्षं एकटाच हेडफोन लावून बसायचो.

प्रश्न : सर, आम्ही दोघं रूममेट, मूळचे खानापूरचे, सध्या टिळकवाडीत रूम करून राहतोय. माझं म्हणणं जॉय डिव्हिजनच्या वर कोण नाही, त्याचं म्हणणं द क्युअर. एक किलो कुंद्याची पैज लागलीय. आणि तुम्ही तर तिसरंच नाव घेतलं. आता काय करायचं ओ?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, टिळकवाडी

उत्तर : पैज आधी मिटवतो. जॉय डिव्हिजन. कुंदा तुझ्या मित्राने आणायचा.

पण त्याची बाजू अगदीच पडकी नाहीये. द क्युअरचे १९८० ते १९८२ मधले तीन अल्बम, सेव्हन्टीन सेकंड्स, फेथ आणि पोर्नोग्राफी, हे एका ओळीने ऐकले तर माणूस एकेक पायरी अंधारात उतरत जातो असं वाटतं, आणि खानापूरच्या जुलैत, आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल आलीय, तेव्हा फेथ लावून बघा दोघांनी, मला ते गाणं आणि तो पाऊस आता वेगळे करताच येत नाहीत. पण क्युअरची थोरवी नंतरच्या कितीतरी वर्षांत पसरलेली आहे, त्यातली बरीचशी पॉपची आहे आणि ती पण मला आवडते. पोस्ट-पंकच्या त्या चार-पाच वर्षांपुरतं बोलायचं तर जॉय डिव्हिजनने फक्त दोन अल्बममध्ये जे केलं ते जास्त मोठं आहे.

अननोन प्लेजर्स जून १९७९ मध्ये आला, स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत रेकॉर्ड झाला, आणि त्याचा निर्माता मार्टिन हॅनेट हा पाचवा मेंबरच म्हणा. ड्रमचा एकेक भाग त्याने वेगळा करून रेकॉर्ड केला, डिजिटल डिले लावला, काच फुटल्याचे आवाज टाकले, आणि सगळं असं मांडलं की चौघं चार वेगवेगळ्या खोल्यांत वाजवतायत आणि मधे मोठा रिकामा हॉल आहे. बँडला तेव्हा ते पटलं नव्हतं, त्यांना लाइव्हसारखा दणका पाहिजे होता. पण आज तो रिकामा हॉलच आपल्याला ऐकू येतो. कव्हरवरच्या त्या पांढऱ्या रेषा तुम्ही टी-शर्टवर बघितल्या असतील, कॉलेज रोडला पण दिसतात, ते पल्सार नावाच्या एका ताऱ्याच्या रेडिओ लहरींचं चित्र आहे, पीटर सॅव्हिलने कव्हरवर घेतलेलं. टी-शर्ट घालणाऱ्या किती जणांनी अल्बम ऐकलाय माहीत नाही, पण घालू देत, कधीतरी ऐकतील.

एक गोष्ट मात्र तुला सांगायचीय, कारण तुझ्या मेलमध्ये तू अर्धं पान जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिसच्या मृत्यूबद्दल लिहिलंस. १८ मे १९८० ला तो गेला, २३ वर्षांचा होता, दुसऱ्या दिवशी अमेरिकेला निघायचं होतं. त्याला फिट्स यायच्या, आजार वाढत चाललेला आणि त्यातच शो पण चाललेले. एवढ्या तरुण पोराने स्वतःचा जीव घेणं हे दुःख आहे, त्याने गाणं मोठं होत नाही. क्लोजर त्याच वर्षी जुलैत आला, म्हणून लोकं तो अल्बम चिठ्ठी वाचल्यासारखा ऐकतात. तसं ऐकू नको बाबा. स्टीफन मॉरिसचे ड्रम ऐक, पीटर हुकचा बास ऐक, ती सगळी जिवंत माणसं होती आणि खोलीत बसून काम करत होती.

आता माझं तिसरं नाव. मी शहापूरच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवत मोठा झालो, त्यामुळं मला काहीही ऐकवा, माझा कान आधी ठेक्याकडं जातो, सूर नंतर. भजनाला तेरा माणसं टाळ घेऊन बसलेली असतात आणि त्यातला एखादा नवखा असतो तो प्रत्येक मात्रेला टाळ वाजवतो, आणि आमचे बुवा हात वर करून त्याला म्हणायचे, अरे जरा सोड की मधे. हे सोडणं मला पुढं गँग ऑफ फोरच्या अँडी गिलच्या गिटारमध्ये सापडलं. तो माणूस गिटार टाळासारखी वाजवतो. खाडकन एक तुकडा, मग काहीच नाही, मग पुन्हा दोन तुकडे, आणि त्या मोकळ्या जागेत डेव्ह ॲलनचा बास आणि ह्यूगो बर्नमचे ड्रम गाणं पुढं ओढत नेतात. सोलोची जागा आली की सोलो नाही, उलट गिटार थांबतेच. वाल्व्हचा गरम आवाज देणारा ॲम्प पण त्याला नको होता, ट्रान्झिस्टरचा कोरडा, थंड, धार असलेला आवाज पाहिजे होता.

यातली काही पोरं लीड्स युनिव्हर्सिटीत चित्रकला शिकणारी. एंटरटेनमेंट! हा अल्बम सप्टेंबर १९७९ चा, बारा गाणी. गाण्यांत काय तर सुट्टी, खरेदी, प्रेम, टीव्हीवरची बातमी, म्हणजे आपल्या रोजच्या जगण्यात पैसा कुठनं कुठनं शिरतो ते. ॲन्थ्रॅक्स म्हणून शेवटचं गाणं आहे, सुरुवातीला नुसती गिटार किंचाळत राहते, आणि मग दोन आवाज एकाच वेळी, एक प्रेमाबद्दल गातोय आणि दुसरा शेजारी बसून साध्या बोलण्यात सांगतोय की सगळे बँड प्रेमावरच गाणी का करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कॅसेट बिघडली. हॉस्टेलवरच्या एका ईशान्येकडच्या मित्राने भरून दिलेली कॅसेट होती, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला वायर नावाचा बँड, आणि घरी लावली की आजी विचारायची, काय ऐकूलास रे हे, भांडण लागलंय काय कुणाचं.

तशी ती माणसं शब्दाला पक्की पण होती. १९७९ मध्ये बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्सला बोलावलं, एक शब्द बदला म्हणून सांगितलं, त्यांनी बीबीसीला पाहिजे तो शब्द घ्यायला नकार दिला आणि कार्यक्रमच सोडला. त्या कार्यक्रमात एकदा दिसलं की रेकॉर्ड खपायची, तरी सोडला.

सुळेभावी इथनं किती लांब, अर्ध्या तासाचा रस्ता. कुमार गंधर्व तिथं जन्मले. क्षयाने एक फुप्फुस गेलं आणि त्यानंतरचं त्यांचं गाणं ऐका, छोटी छोटी झेप आणि मधे शांतता, आणि त्या शांततेत सुद्धा राग चालूच असतो. मी गिल आणि कुमारजी यांची बरोबरी करत नाहीये, कृपा करून तसली पत्रं पाठवू नका. एवढंच की मोकळी जागा ऐकायची सवय आपल्या मातीतल्या माणसाला आधीच आहे, आणि माझ्यासाठी पोस्ट-पंकची परीक्षा तीच. कुणी काय वाजवलं यापेक्षा काय सोडलं.

प्रश्न : नमस्कार. तुमच्या उत्तरात आणि मी वाचते त्या प्रत्येक यादीत सगळे पुरुषच. बायका नव्हत्याच की तुम्हाला दिसत नाहीत?
– माध्यमिक शाळेतली शिक्षिका, निपाणी

उत्तर : होत्या ताई, आणि मागच्या वेळी मी एकच नाव दिलं म्हणून सुटलो असं म्हणणार नाही, दहा नावं दिली असती तरी कदाचित मी नऊ पुरुषच लिहिले असते. मग बसून पुन्हा ऐकलं, दोन रविवार.

द स्लिट्सचा कट हा १९७९ चाच अल्बम. आरी अप बँडमध्ये आली तेव्हा १४ वर्षांची होती, म्हणजे तुमच्या वर्गातल्या नववीच्या मुलीएवढी. १९७७ मध्ये द क्लॅशबरोबर या मुलींनी टूर केली तेव्हा वाजवता पण नीट येत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. दोन वर्षांनी डेनिस बोव्हेल या रेगेवाल्या निर्मात्याबरोबर जे रेकॉर्ड केलं त्यात टेसा पॉलिटचा बास आणि व्हिव्ह ॲल्बर्टीनची खरखरीत गिटार यांच्यामधनं हवा खेळते. जमैकाच्या डबमधनं आलेली ही गोष्ट आहे, एखादं वाद्य मधेच काढून घ्यायचं आणि त्याचा प्रतिध्वनी तेवढा ठेवायचा. टिपिकल गर्ल्स ऐका, मुलीने कसं वागावं याची जगाने केलेली यादी त्या गात सुटतात आणि ताल मधेच बदलून टाकतात. वर्गात ऐकवा असं सांगायचा मोह होतोय, पण ते तुम्ही ठरवा.

द रेनकोट्सचा पहिला अल्बम पण त्याच वर्षीचा, रफ ट्रेड या छोट्या कंपनीचा. स्लिट्स सोडून आलेली पामोलिव्ह ड्रमवर आणि व्हिकी ॲस्पिनॉलचं व्हायोलिन, ते व्हायोलिन गोड नाहीये, दाराच्या बिजागरीसारखं कुरकुरतं आणि मला ते फार आवडतं. बरीच वर्षं हा अल्बम मिळत नव्हता, निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनला तो जीव की प्राण, १९९३ मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा त्यानेच त्यावर लिहिलं. लीड्सच्या डेल्टा ५ मध्ये दोन बास होते, दोन! माइंड युअर ओन बिझनेस ऐकल्याशिवाय या विषयावर बोलूच नये कुणी. बर्मिंगहॅमचा ओ पेअर्स, गाणारी लेस्ली वुड्स पुढं वकील झाली, त्यांचा १९८१ चा अल्बम नवरा-बायकोच्या नात्यातल्या हिशोबाबद्दल जितकं सरळ बोलतो तितकं गँग ऑफ फोरला पण जमलेलं नाही.

आणि सूझी. सूझी अँड द बॅन्शीजचं पहिलं दर्शन सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या १०० क्लबमध्ये, तेव्हा गाणीच तयार नव्हती, वीसेक मिनिटं एक प्रार्थनाच ओढत नेली. तिथनं पाच वर्षांत जूजू हा अल्बम! जॉन मगॉकची गिटार त्यात जी आहे तिच्यावरनं पुढं किती गिटारवाल्यांनी धडे घेतले. तुमचा प्रश्न आल्यापासनं माझी यादी बदललीय ताई. पहिला गँग ऑफ फोर तसाच ठेवतो. पण दुसऱ्या नंबरवर जॉय डिव्हिजनऐवजी स्लिट्स. खानापूरची पैज त्याने बदलत नाही.

प्रश्न : यू टू आणि टॉकिंग हेड्स का नाहीत तुमच्याकडं?
– अनगोळहून

उत्तर : प्रश्न ब्रिटिश बँडचा होता. यू टू डब्लिनचे, टॉकिंग हेड्स न्यू यॉर्कचे. यू टूसाठी १९८० मध्ये एक सिंगल मार्टिन हॅनेटने केलेलं, तेवढं नातं आहे. तुम्ही कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्सचा कलॉसल यूथ ऐका, १९८० चा, बँडने स्टुडिओत केलेला एकुलता एक अल्बम. एक बास, एक गिटार किंवा ऑर्गन, एक छोटं ड्रम मशीन आणि ॲलिसन स्टॅटनचा शेजारच्या खोलीत कोणी सहज गुणगुणल्यासारखा आवाज. रात्री लाइट गेल्यावर बॅटरीवर ऐकायचा अल्बम.

प्रश्न : मी उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. पोराने मला कॅबरे व्हॉल्टेअर ऐकवलं, म्हणाला बाबा हे तुमच्या कारखान्यासारखं वाजतंय. खरंच तसंच वाजतंय. हे कसं काय?
– उद्यमबाग

उत्तर : काका, तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. पोराचा कान चांगला आहे.

कॅबरे व्हॉल्टेअर शेफिल्डचे, आणि शेफिल्ड म्हणजे पोलादाचं गाव. तिथल्या त्या पिढीच्या संगीतकारांनी सांगून ठेवलंय की लहानपणी रात्री अंथरुणात पडल्यावर लांबनं ड्रॉप हॅमरचे, म्हणजे लोखंड ठोकणाऱ्या यंत्राचे, ठोके ऐकू यायचे. तो ठोका त्यांच्या गाण्यात नकळत गेला असणार, जसा जात्याचा ताल ओवीत गेला. ही पोरं १९७३ पासनं टेप कापून, जोडून, यंत्रांचे आवाज भरून काहीतरी करत होती, पंक यायच्या आधीपासनं. त्यातला ख्रिस वॉटसन पुढं बँड सोडून पक्ष्या-प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड करायला गेला, डेव्हिड ॲटनबरोंच्या कार्यक्रमांसाठी त्याने काम केलंय. कारखाना ऐकणारा कान रानात पण चालला बघा.

मँचेस्टर तसंच, कापसाच्या गिरण्यांचं गाव, सत्तरच्या दशकात गिरण्या रिकाम्या पडलेल्या, काम नाही, १९७८-७९ च्या हिवाळ्यात सगळ्या इंग्लंडभर संप, मे १९७९ मध्ये थॅचर बाई आल्या. पण नुसती बेकारी असली की संगीत होतं असं नाही, नाहीतर आपल्याकडं पण झालं असतं. स्वस्तात भाड्याने मिळणाऱ्या रिकाम्या जागा होत्या, आर्ट कॉलेजं होती, रफ ट्रेड आणि फॅक्टरीसारख्या छोट्या कंपन्या निघाल्या ज्या हजार-दोन हजार रेकॉर्डसुद्धा मनावर घेऊन काढायच्या, आणि रात्री रेडिओवर जॉन पील होते जे कुणाही अनोळखी पोराची टेप वाजवायचे. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा शो झाला, पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटो या दोन पोरांनी ठरवलेला. हॉल बराचसा रिकामाच होता. आलेल्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते, त्यांनी जॉय डिव्हिजन काढला, मार्क ई. स्मिथने द फॉल काढला, शेली त्या दोघांच्या बझकॉक्स बँडमध्ये राहिला आणि डिव्होटो तिथनं निघून मॅगझिन नावाचा बँड घेऊन आला. एवढ्याशा गर्दीतनं!

तुमच्या फाउंड्रीत शेक-आउटच्या वेळी, म्हणजे साचा फोडताना, जो आवाज होतो तो पोराला मोबाइलवर भरून घेऊ द्या. साहेबांची परवानगी घेऊन, आणि कानाला प्लग लावून.

प्रश्न : द फॉलचं नाव नाही म्हणजे तुमचा कॉलम बंद करायला पाहिजे.
– कॅम्प, बेळगाव

उत्तर : रागावू नका दादा, मला फॉल आवडतो, पण 'एकच सांगा' म्हटल्यावर फॉल सांगता येत नाही. कुठला फॉल सांगू? तीसहून जास्त स्टुडिओ अल्बम, साठहून जास्त माणसं येऊन गेली, आणि मधे एकटा मार्क ई. स्मिथ, सॅलफर्डच्या गोदीत कारकुनी केलेला माणूस, १९७६ पासनं जानेवारी २०१८ मध्ये जाईपर्यंत. पीलच्या रेडिओ कार्यक्रमासाठी त्यांनी २४ सेशन केले, आणि पील म्हणायचे ते अगदी बरोबर आहे की हा बँड कायम वेगळा आणि कायम तोच. तुम्हाला हेक्स एंडक्शन अवर आवडतो असं तुम्ही लिहिलंय, मला पण तोच, दोन ड्रमर एकदम वाजवतायत आणि वर हा माणूस गात नाहीये, कीर्तनात बुवा रागाला आले की सुरातनं बोलण्यात आणि बोलण्यातनं सुरात जातात तसं चाललंय. पण माझी तक्रार हीच, स्मिथ कधी जागा सोडत नाही. भरभरून भरत राहतो. तुम्हाला ते भरणं आवडतं, मला सोडणं, आणि यावर आपण दोघं रेल्वे गेटजवळ चहा घेत तासभर भांडू शकतो, खुशाल या.

प्रश्न : काका, मी बारावीला आहे, शहापूरला राहते. दादाचा जुना बास गिटार मिळालाय, तारा नवीन घातल्या. क्लास कुठंच नाही. पोस्ट-पंकमधनं शिकायचं तर कुठनं सुरू करू? घरात आवाज जास्त चालत नाही.
– शहापूर

उत्तर : अगं, योग्य ठिकाणी आलीस. या सगळ्या संगीतात गाणं बासच धरतो, गिटार नुसती येते-जाते, त्यामुळं बासवाल्याला याच्याएवढं चांगलं घराणं नाही.

पहिलं गाणं ट्रान्समिशन घे, जॉय डिव्हिजनचं, १९७९ चं सिंगल. बासनेच सुरू होतं, थोडे स्वर आहेत आणि ते परत परत येतात. चुकलीस तर लगेच कळतं. पीटर हुक एवढ्या वरच्या पट्टीत का वाजवतो माहीत आहे? गिटारवाल्या समनरचा ॲम्प मोठ्याने वाजायचा आणि खाली वाजवलं तर हुकचं हुकलाच ऐकू यायचं नाही, म्हणून तो वर गेला आणि तिथंच राहिला. अडचणीतनं शैली झाली. ते जमलं की शीज लॉस्ट कंट्रोल.

मग पंधरा दिवसांनी पब्लिक इमेज लिमिटेडचा मेटल बॉक्स, १९७९ चा. तीन रेकॉर्ड एका गोल पत्र्याच्या डब्यात घालून विकायला काढल्या, पहिल्या ६०,००० प्रती तशा. जा वॉबल तिथं बास वाजवतो, कुणाकडं रीतसर शिकलेला नाही, डब ऐकून ऐकून वाजवायला लागला. पहिलं गाणं ॲल्बट्रॉस दहा मिनिटांच्या वर चालतं आणि तो जवळजवळ एकच ओळ धरून बसतो. तुला पहिल्या तीन मिनिटांत कंटाळा येईल, पाचव्या मिनिटाला हात दुखेल, आणि सातव्या-आठव्याला ठेका आपोआप चालायला लागेल, हे मी पखवाजावरनं सांगतोय. तिथपर्यंत थांबायचं, मधे सोडायचं नाही.

वॉबलचं बोटांनीच वाजव, त्याचा आवाज गोल आहे. ॲम्प नाही याचं टेन्शन घेऊ नको. बासचा मागचा भाग लाकडी टेबलाला किंवा कपाटाच्या दाराला टेकवून वाजव, लाकूड आवाज धरतं, तुला पुरेल आणि घरातल्यांना त्रास नाही. मेट्रोनोम नसेल तर मोबाइलवर तबल्याचं कुठलंही ॲप घे, आठ मात्रांचा भजनी ठेका लाव आणि त्यावर ट्रान्समिशन बसवून बघ, आधी सावकाश, बसतंय ते, मी करून बघितलंय. गँग ऑफ फोरचं डॅमेज्ड गुड्स एवढ्यात नको, सहा महिन्यांनी. तिथं कुठं थांबायचं ते आधी कळायला पाहिजे.

ट्रान्समिशन बसलं की मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव, चुकलेलं असलं तरी. मला ऐकायचंय.